काकांची जुनी रॅले: पस्तीस हजाराला शंभर कमी

आधी आकडा सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढ्यासाठीच वाचायचंय ते मोकळे. काकांची जुनी रॅले सायकल परत चालती करायला ३४,९०० रुपये लागले. यात सायकल धरलेली नाही कारण ती फुकट मिळाली, आणि जे दोन पार्ट चुकीचे मागवले त्यांचा खर्चही धरलेला नाही, ते पुढे येईलच. घरात हा आकडा अजून २० हजारच आहे, तेव्हा जळगावच्या मेहरूण तलावावर कधी भेटलो तर २० हजारच म्हणा.

सायकल म्हणजे माझ्या काकांची रॅले रेकॉर्ड, नॉटिंगहॅमला बनलेली, सत्तरच्या दशकातली, दहा गिअरची. आपल्याकडे रॅले म्हटलं की लोकांना आसनसोलची सेन-रॅले आठवते, ती काळी, उंच, सरळ हँडलची. ही ती नाही, ही वाकड्या हँडलची, बाटलीच्या काचेसारखी हिरवी. भुसावळच्या रेल्वे कॉलनीतलं एक अँग्लो-इंडियन कुटुंब ऑस्ट्रेलियाला निघालं तेव्हा घरातलं सामान विकून गेलं त्यात काकांनी ही उचलली, तेव्हा ते लोको शेडला होते, आणि कितीला घेतली ते दर वेळी वेगळं सांगतात. पुढे काकांकडे स्कूटर आली आणि ही जिन्याखाली गेली ती तिथेच, अंगावर जुनी चादर आणि हँडलला कांद्याची जाळी लटकवलेली. एका दिवाळीत मी सहज म्हटलं काका ही चालते का, तर म्हणाले "ने तुला पाहिजे तर, पण विकायची नाही."

नळीवर स्टिकर शिल्लक आहे, २०-३० हाय टेन्साइल स्टील. म्हणजे रेनॉल्ड्स ५३१ वगैरे जी भारी हलकी नळी लोक शोधत फिरतात ती ही नव्हे. जड आहे, एका हाताने जिना चढवताना कळतं. पण फ्रेम सरळ होती, कुठे तडा नाही, गंज वरवरचा, आणि मुख्य म्हणजे माझ्या उंचीला बसते. जुन्या सायकलीवर पैसे घालायचे की नाही हे या तीन गोष्टींवर ठरवा, ब्रँडवर नाही. मापाला बसत नसेल तर सोन्याची असली तरी भिंतीला टांगा.

घरी आणून हवा भरून चालवून बघितली. अर्ध्या तासात मनगटं बधिर, मान अवघडली, आणि ब्रेक म्हणजे नुसती विनंती. क्रोमच्या स्टीलच्या रिम दिसायला चकाचक पण पाण्याने ओल्या झाल्या की रबर नुसतं घसरतं, मी नळाखाली धुवून लगेच चालवायला काढली आणि अजिंठा चौफुलीला सिग्नलवर पाय घासत थांबलो, बाजूचा रिक्षावाला हसत होता. हँडलला ते जास्तीचे आडवे ब्रेक-दांडे पण होते, वरून धरायचे, त्या काळच्या सायकलींना असायचे. ते दाबले की निम्मा जोर दांडा वाकण्यातच जातो. पहिल्याच दिवशी काढून टाकले.

आता दुकानाचं. शहरात सायकलीची चकाचक शोरूम झाल्यात, एका ठिकाणी घेऊन गेलो तर पोराने वर्कशॉपमध्ये पण नेली नाही, दारातच मला म्हणाला, "काका, एवढ्या पैशात नवीन हायब्रिड सायकल येईल." खरं आहे, येते. दुसऱ्या ठिकाणी ठेवून घेतली आणि त्यांनी जे करायला घेतलं ते बघून परत आणली, ते सांगतो. शेवटी जुन्या जळगावात एका बोळात बसणारे एक चाचा सापडले. दुकान म्हणजे आठ बाय दहाची खोली, बाहेर पंक्चरचं पाण्याचं घमेलं, वर टायर लटकलेले. चाचांनी चष्मा कपाळावर सारला, सायकल उलटी केली, मागचं चाक फिरवलं, चिमट्यावर, म्हणजे चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्यावर, नखाने टकटक केलं आणि एवढंच विचारलं, "चलानी है के दिखानी है?" मी म्हटलं चालवायची, घाट चढवायचाय. "फिर ठीक है. रंग मत छेडना, चक्के बदलना."

चाकांचंच सगळ्यात जास्त सांगण्यासारखं आहे, कारण आराम जो काय आलाय तो बहुतेक तिथून आलाय, आणि गोंधळही तिथेच. जुनी चाकं २७ इंची. टायर चिरलेले, म्हणून म्हटलं आधी टायर तर बदलू. दुकानात २७ मागितलं तर त्याने साडेसत्तावीसचा एमटीबीचा, म्हणजे डोंगरी सायकलीचा, टायर काढून दिला, वर म्हणाला अर्ध्या इंचाने काय होतं. काय होतं ते ऐका. टायर ज्या रिमवर बसतो त्या जागेचा व्यास मिलिमीटरमध्ये टायरवर लिहिलेला असतो, बारीक अक्षरात, आणि तोच खरा, इंच सगळे थापा. जुन्या २७ इंची रिमचा हा आकडा ६३०. साडेसत्तावीसचा ५८४. म्हणजे नाव मोठं आणि चाक लहान. मग दुसऱ्याने आपल्या देशी सायकलीचा २८ बाय दीड दाखवला, दिसायला अगदी तसाच, तो ६३५. पाच मिलिमीटरचा फरक, बसतोय बसतोय वाटतं आणि हवा भरली की एका बाजूने बाहेर येतो. आणि याच्यावर कळस म्हणजे हल्लीच्या रोड सायकलीचं जे ७०० सी माप आहे ते ६२२, आणि त्या टायरवर पण परत २८ इंच लिहिलेलं असतं! माझ्या आत्ताच्या टायरवर तीन मापं छापलीत, ३७-६२२, २८ बाय १.४० आणि ७०० बाय ३५ सी, तिन्ही एकाच टायरची. तेव्हा दुकानात गेलात की इंच बोलूच नका, ६२२ म्हणा. पोराला कळलं नाही तर त्याला टायर फिरवून वाचायला लावा.

६३० चे टायर आपल्या इथे शोधणं म्हणजे उन्हाळ्यात गिरणेला पाणी शोधणं. म्हणून चाकंच बदलून ७०० सी केली. व्यासात आठ मिलिमीटरचा फरक, म्हणजे रिम ब्रेकपासून चार मिलिमीटर लांब गेली, आणि तेवढीच जास्तीची जागा चिमट्यात मिळाली, त्यामुळे आधीपेक्षा जाड टायर आरामात बसला. हे चार मिलिमीटर म्हणजे या सगळ्या कामाचा प्राण आहे राव. डबल वॉलच्या ॲल्युमिनियम रिम, ३६ तारांच्या, हब (चाकाच्या मधला भाग), तारा आणि चाचांची विणकाम मजुरी धरून चाकांचे ८,२०० झाले. चाचांनी दोन्ही चाकं दुकानाच्या फळीवर ठोकलेल्या जुन्या चिमट्यात अडकवून बांधली, आऊट, म्हणजे चाकाची वाकडी चाल, काढायला कुठलं मशीन नाही, चिमट्याला खडूचा तुकडा लावतात आणि खडू जिथे घासला तिथली तार आवळतात. आज आठ महिने झाले, बांभोरी पुलाकडच्या खड्ड्यांतून रोज जातो, अजून आऊट नाही. तारा ३६ घ्या, ३२ च्या नादी लागू नका, आपले रस्ते आणि आपली वजनं दोन्ही ३६ चीच आहेत.

टायर श्वाल्बेचा मॅरेथॉन घेतला, आत जाड हिरवा रबरी थर असलेला. जड आहे, सुरुवातीला जरा सुस्त वाटतो. पण खान्देशात रोड टायर निवडताना वजन बघणाऱ्याने कधी बांधावर सायकल उभी केलेली नसावी. दिवाळीनंतर गवत वाळलं की सराटे रस्त्यावर येतात, आणि एक सराटा कुठल्याही बाजूने पडला तरी एक काटा वरच असतो, परमेश्वराने तो पंक्चरसाठीच बनवलाय. त्यात बांधाच्या बाभळी. आधीच्या सायकलीला मला नोव्हेंबरात एकाच सकाळी तीन पंक्चर झालेत. या टायरला आठ महिन्यांत एक, तेही खिळ्याने. दोन टायर आणि ट्यूब मिळून ५,४००, आणि हा पैसा मला एकदाही दुखला नाही.

ट्यूब घेताना एक करा, मोटरसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हची घ्या. रोडवाले ती बारीक नळीची वापरतात आणि गावात पंक्चरवाल्याकडे गेलं की त्याचा पंप लागत नाही, तो ती नळी बघून घाबरतो नाहीतर वाकवून ठेवतो. रिमचं भोक त्या बारीक नळीचं होतं, चाचांनी ड्रिलने मोठं करून कानसने कडा घासून दिल्या. आता एरंडोल असो की यावल, जिथे मोटरसायकलची हवा भरतात तिथे माझी भरली जाते. हवा मात्र सांगून भरा. तो सवयीने टणक दगड करून ठेवतो. मी ७८ किलोचा, पुढे ४५ आणि मागे ५५ पीएसआय ठेवतो. लोक म्हणतात स्टीलची फ्रेम धक्के पिते. थोडंफार पीत असेल, पण याच फ्रेमवर जुन्या कडक टायरने माझे दात वाजत होते आणि आता वाजत नाहीत, फ्रेम तीच आहे, तेव्हा कोण पितंय ते तुम्हीच ठरवा.

मग मागची जागा. जुन्या पाच चकत्यांच्या फ्रीव्हीलसाठी मागचा चिमटा १२० मिलिमीटरचा, आणि आठ स्पीडचा नवीन हब १३० चा. म्हणजे दोन्ही बाजू पाच-पाच मिलिमीटर फाकवायच्या. हे फक्त स्टीलमध्ये चालतं, ॲल्युमिनियम किंवा कार्बनच्या फ्रेमला कुणी असं करतो म्हणाला तर सायकल घेऊन पळा. चाचांनी लांब आट्याचा बोल्ट आणि दोन नट आतून लावले आणि चहा पीत पीत अर्धा अर्धा फेरा फिरवत राहिले. १३० ला थांबून उपयोग नाही, स्टील सोडलं की परत आत येतं, म्हणून पुढे जाऊन सोडायचं, मोजायचं, परत पुढे जायचं. मग दोरा बांधला, मागच्या एका टोकापासून पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून मागच्या दुसऱ्या टोकापर्यंत, आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडे दोऱ्याचं अंतर मोजलं. डावीकडे दोन मिलिमीटर जास्त निघालं. मी म्हटलं चालेल की. चाचांनी माझ्याकडे असं बघितलं की मी गप्प चहा आणायला गेलो.

आता ते दुसरं दुकान. तिथे पायडलच्या मधला भाग बदलायचा ठरला होता, कारण जुना क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, कॉटरचा, पाचर ठोकून बसवलेला. मी हौसेने सीलबंद कार्ट्रिज, म्हणजे एक्सल आणि छर्रे आतच असलेला तयार भाग, ऑनलाइन मागवलं, १,४०० रुपये. ते दोन आटे गेलं आणि अडकलं. दुकानदार म्हणाला रंग अडकलाय, ठोकून बसवतो. हातात मोठा पाना घेतलेला. तिथून उचलली ती थेट चाचांकडे. चाचांनी काही न बोलता जुनी कटोरी, म्हणजे छर्रे बसतात ती वाटी, काढली, नवीन कार्ट्रिजच्या आट्याला लावून उजेडात धरली आणि मला दाखवली. दातात दात बसत नव्हते, मधून उजेड दिसत होता. नंतर घरी वाचलं तेव्हा कळलं, जगभर बहुतेक सायकलींना त्या जागी इंचाला २४ आटे असतात आणि रॅलेने स्वतःच्या या साध्या मॉडेलांना २६ ठेवले होते. जबरदस्तीने घातलं असतं तर फ्रेमच्या आतले आटे सोलून निघाले असते आणि मग ती खरोखर भिंतीलाच टांगावी लागली असती. तुमच्याकडे नॉटिंगहॅमची रॅले असेल तर हे एक वाक्य लक्षात ठेवा, मधलं काहीही मागवायच्या आधी आटे मोजा. आणि उजव्या बाजूची कटोरी उलट्या आट्याची असते, नेहमीच्या बाजूला फिरवाल तर सैल व्हायच्या ऐवजी घट्ट होते.

उपाय स्वस्तात निघाला. जुन्या कटोऱ्या तशाच ठेवल्या, त्या काचेसारख्या गुळगुळीत निघाल्या, आत चौकोनी टोकाचा नवीन एक्सल, पाव इंची छर्रे एका बाजूला अकरा, भरपूर ग्रीस. एक्सलची लांबी जमायला चाचांनी डब्यातले चार घालून बघितले, चौथा बसला. जुन्या कॉटरच्या पाचरा काढतानाही त्यांनी खालून लोखंडी नळीचा आधार देऊन एकच घाव घातला, कारण आधार न देता ठोकलं की सगळा मार छर्‍यांच्या वाटेवर जातो आणि खड्डे पडतात. क्रँक आणि एक्सल मिळून ४,३००. चिमट्याच्या वरचे छर्रे पण याच पद्धतीने बदलले, जुनं सामान ठेवून.

ब्रेकमध्ये माझी दुसरी चूक. रिम चार मिलिमीटर लांब गेली होती हे माहीत असूनही मी नेहमीचे रोड कॅलिपर, म्हणजे रिमला दोन्हीकडून दाबणारे ब्रेक, मागवले आणि रबर रिमच्या वर टायरला टेकायला लागलं. परत पाठवताना त्या वेबसाइटने जो डोक्याला ताप दिला तो सोडा, ३५० रुपये कुरिअरचे गेले आणि तीन आठवडे. नंतर ब्रेकच्या बोल्टापासून रिमच्या मधोमध मोजलं, ६४ मिलिमीटर, आणि टेक्ट्रोचे आर ५५९ घेतले, त्यांची पोहोच ५५ ते ७३. जुन्या फ्रेमला मागून साधा नट लागतो, हल्लीच्यासारखा आत बुडणारा नाही, त्याप्रमाणे नटवाला प्रकार मागवावा लागतो. जोडीचे ६,१०० पडले, महाग आहेत, इथे मिळत नाहीत. पण पहिल्या पावसात नशिराबादजवळ एक म्हैस आडवी आली आणि मी थांबलो. म्हैस थांबली नाही, मी थांबलो, हे महत्त्वाचं.

गिअरचं गणित पाटणादेवीला बसून केलं, खोटं नाही. चाळीसगावपासून पाटणा १८ किलोमीटर, तिथे गणिती भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याचा शिलालेख सापडलाय, म्हणजे दात मोजायला याहून बरी जागा नाही. जुना सगळ्यात हलका गिअर पुढे ४० आणि मागे २८ दातांचा, भागाकार १.४३. मिनिटाला ६० पायडल मारले तर सायकल ताशी ११ च्या वर जाते, आणि कन्नड घाटात ताशी ११ ने चढायला माझ्या मांड्या कुणा दुसऱ्याच्या पाहिजेत. म्हणजे ६० पायडल कधी पडतच नव्हते, ४० पडत होते आणि गुडघे रडत होते. आता पुढे ५०-३४ आणि मागे ११-३२. ३४ भागिले ३२ म्हणजे १.०६, तेवढ्याच पायडलला ताशी आठ-सव्वाआठ. एक चतुर्थांश ओझं कमी. कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच), चेन आणि शिमानो क्लॅरिसचा लांब पिंजऱ्याचा मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग, मिळून ४,३००. फ्रेमला डिरेलर लटकवायची जागा नाही, जुना पण लोखंडी पंजावरच होता, नवीनही त्यावरच बसला. ५०-११ हा गिअर मी आजवर एकदा वापरलाय, घाट उतरताना, आणि तेव्हा पण पाय थांबवूनच बसलो होतो. परत करायचं झालं तर पुढे याहून लहान चकती शोधेन.

गिअर बदलायच्या पट्ट्या मात्र काकांच्याच ठेवल्या, खालच्या नळीवरच्या, बिनखटक्याच्या. सगळ्यांनी सांगितलं ब्रेकमध्येच गिअर असलेले घे, सहा-सात हजारात येतात. मी नाही घेतले. या पट्ट्यांना पाच चकत्या असो की आठ, काही फरक पडत नाही, जेवढी वायर ओढाल तेवढा डिरेलर सरकतो, कानाने ऐकायचं आणि खडखड थांबली की सोडायचं. तोटा आहे, गर्दीत एक हात सोडून खाली वाकावं लागतं, आणि चढावर उभं राहून गिअर बदलता येत नाही. शहरात रोज चालवणाऱ्याने नवीनच घ्यावेत. माझं बहुतेक चालवणं पहाटेचं आणि गावाबाहेरचं, म्हणून चालतंय.

बसण्याबद्दल थोडक्यात. स्टेम, म्हणजे हँडल धरणारा दांडा, उंच आणि आखूड घेतला, हँडल सीटच्या बरोबरीला आणलं, हँडल जरा रुंद घेतलं, टेक्ट्रोचे आरएल ३४० लिव्हर आणि टेप, सगळं ३,८००. जुना स्टेम पन्नास वर्षांचा गंजून बसलेला, बोल्ट दोन फेरे सैल करून वरून लाकडावर हातोडी मारली की आतली पाचर खाली पडते, पण आमची चार दिवस ऑइल पिऊन मग पडली. सीट कातड्याची, उन्हाने वाळून पापडासारखी झालेली, फुले मार्केटजवळच्या मोच्याने शिवून तेल चोळून दिली, ३०० रुपये. तीच आता सगळ्यात आरामाची वस्तू आहे. मनगटं बधिर व्हायची बंद झाली ती मात्र स्टेममुळे, सीटमुळे नाही.

रंग काढला नाही. एमआयडीसीत पावडर कोटिंग करून देतो म्हणणारे दोघं भेटले, काम चांगलं करतात, पण जाड थर बसला की नळ्यांच्या जोडावरची ती नक्षीदार कडा भरून जाते आणि स्टिकर तर जातोच. मी नुसतं मेण चोळलं, नळ्यांच्या आत तेल सोडलं. खरचटलेली दिसते. दिसू दे.

आता चाचांच्या सर्व्हिसचं, कारण विचारणारे तेच विचारतात. सगळ्या कामाची मजुरी २,५०० घेतली, मी जास्त देत होतो तर घेतले नाहीत. हात असा की मी बघून बघून अर्धं शिकलो. पण पंधरा दिवस सांगून सव्वादोन महिने लावले. फोन उचलत नाहीत, तुम्ही जाऊन उभे राहिलात तरच काम पुढे सरकतं, आणि मध्ये कुणाचं पोरगं शाळेची सायकल घेऊन आलं की तुमची बाजूला. शाळेची सायकल आधी, हा त्यांचा नियम आहे आणि त्याच्यावर मी तरी वाद घालणार नाही. जुन्या ब्रेकचा एक नट हरवला तो हरवलाच. किती आवळलं ते मोजणारा टॉर्क रेंच वगैरे प्रकार नाही, कार्बनचं काही असेल तर त्यांच्याकडे नेऊ नका, ते स्वतःच नाही म्हणतील. वायर कापून टोकाला टोपी लावायचा कंटाळा करतात, घरी येऊन बघितलं तर माझ्या पोटरीला दोन ओरखडे.

एक गोष्ट बिघडलेलीच आहे अजून. ३५ चा टायर आणि पूर्ण मडगार्ड दोन्ही या फ्रेमला नीट बसत नाहीत. पावसाळ्यात रावेरकडे केळीच्या बागेत एका मित्राकडे गेलो, मधला तुकडा काळ्या मातीचा, दोनशे मीटरवर चिखल मडगार्डात असा बसला की चाक फिरायचंच थांबलं, काडीने उकरत उकरत पोहोचलो, तिथे शेतावरचे आजोबा बघत उभे. "हाई काय शे भो?" मी म्हटलं सायकल. "कितलाले लिधी?" मी २० हजार म्हटलं. आजोबा बराच वेळ चिखलाकडे बघत राहिले. मग पुढचं मडगार्ड काढूनच टाकलं. रस्त्यावरच चालवणार असाल तर ३२ चा टायर आणि मडगार्ड दोन्ही ठेवा, शेतात जाणार असाल तर मडगार्डचा नाद सोडा.

आणि ऊन. मेमध्ये पारा ४५ च्या वर गेला की ट्यूबला लावलेला साधा पॅच सुटतो, माझा दोनदा सुटलाय, या आधीच्या सायकलीवर. उन्हाळ्यात एक अख्खी ट्यूब जवळ ठेवतो आणि पहाटे साडेचारला निघून नऊच्या आत घरी. पद्मालय होऊन येतं तेवढ्यात. हिवाळ्यात हिशेब वेगळा, तेव्हा बामणोदच्या वांग्यांचं भरीत जिथे असेल तिथवर सायकल जाते आणि परत येताना गिअर कितीही हलका असला तरी जड वाटतो.

कन्नड घाट डिसेंबरात केला. चाळीसगावहून पहाटे सुरू केला, ३४-३२ वर बसून, न थांबता नाही, दोनदा थांबलो, पण चालत एक पाऊलही गेलो नाही. आता २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांबची सायकलफेरी, करायची आहे, साडेतेरा तासांत. जड सायकलीने होते का म्हणून विचारलं तर जे करतात ते म्हणतात वजन पोटाचं कमी कर.

एका रविवारी तीच घेऊन भुसावळला काकांकडे गेलो, २५ किलोमीटर. काका आता ८१ चे. अंगणात आले, चष्मा पुसला, सायकलभोवती एक चक्कर मारली. चाकं बदललेली त्यांच्या लक्षात आली नाहीत, ब्रेकही नाहीत. खालच्या नळीवरच्या पट्टीला हात लावला, पुढे-मागे केली. "हे ठेवलंस होय." मग म्हणाले धर जरा, आणि मी नको काका, नको काका म्हणेपर्यंत पाय टाकून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आले. उतरताना एवढंच म्हणाले की मागे काहीतरी खडखडतंय, बघून घे.

मागचं मडगार्ड आहे ते. चाचांना सांगितलंय, म्हणाले शुक्रवार छोडके कभी भी ला. तीन आठवडे झाले.